लावल्यावर वास जातो कुठे?

वाचकांचं पत्र, थोडक्यात

ठाणे जिल्ह्यातल्या एक ताई वर्षभरापासून घरच्या घरी सोया वॅक्सच्या सुगंधी मेणबत्त्या करून विकतात. त्यांचं दुखणं असं. झाकण उघडून हुंगलं की गिऱ्हाईक खूश, पण घरी नेऊन लावली की फोन येतो, "अहो, वासच येत नाही." गेल्या दिवाळीत सोसायटीच्या स्टॉलवरून घेतलेल्या दोघीतिघींनी हेच सांगितलं. म्हणून ताईंनी सुगंधी तेल ६ टक्क्यांवरून वाढवत वाढवत १४ टक्क्यांवर नेलं. लॅव्हेंडरचं तेल कँडलच्या सामानाच्या दुकानातलं. मोगरा मात्र अगरबत्तीवाल्यांना सेंट पुरवणाऱ्या दुकानातला, कारण तो "बाटली उघडली की पलीकडच्या खोलीत जातो". वातीचं रीळ पूर्वी पॅराफिनच्या, म्हणजे नेहमीच्या खनिज मेणाच्या, मेणबत्त्या करायच्या तेव्हाचंच. तेल वाढवून फरक पडला नाहीच, उलट मेणावर तेलाचे थेंब दिसायला लागले आणि ज्योत तडतडते. (कंसात त्या लिहितात: "कडेला बोटभर मेण तसंच राहतं, पण ते वाया जातं एवढंच.") मिस्टरांचं मत, निम्मं पॅराफिन घाल आणि लेबल सोयाचंच ठेव, कोण बघायला येतंय! सासूबाईंना दमा आहे, चाचणीसाठी मेणबत्ती लावली की त्या खोकत उठून आत जातात. आता एका ऑफिसने दिवाळीसाठी ६० जारची ऑर्डर दिली आहे, हातात सहा आठवडे आहेत. ताईंचा प्रश्न एका ओळीचा आहे: "सगळ्यात कडक वासाचं तेल कोणतं, आणि ते किती घालायचं?"

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. कडेला बोटभर मेण तसंच राहतं, हे. ते वाया जातं एवढंच नाही. तुमच्या गिऱ्हाइकाला जो वास येत नाही, तो त्या बोटभर मेणात अडकून बसलेला आहे.

तेलाचं नाव मी सांगेन, पण थोडं पुढे. आधी वास येतो कुठून ते बघू. जारचं झाकण उघडल्यावर जो वास येतो तो थंड मेणाच्या पृष्ठभागावरून उडणाऱ्या तेलाचा. धंद्यातले लोक याला कोल्ड थ्रो म्हणतात. मेणबत्ती लावल्यावरचा वास, म्हणजे हॉट थ्रो, येतो तो ज्योतीभोवती वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून. ज्योतीत जे तेल जातं ते जळून जातं, त्याचा वास तुम्हाला मिळत नाही. मिळतो तो तळ्याच्या उघड्या, गरम पृष्ठभागावरून हवेत जाणारा. म्हणजे तळं जितकं पसरट, तितका वास जास्त.

आता तुमच्या जारचा हिशेब करू. जारचं तोंड ८ सेंटिमीटर धरा आणि कडेला सगळीकडून दीड सेंटिमीटर मेण घट्ट राहतं असं धरा. तळं उरलं ५ सेंटिमीटर रुंदीचं. रुंदी फार कमी झाली असं वाटत नाही, पण क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात घटतं. ६४ च्या जागी २५. म्हणजे पूर्ण तळ्याच्या चाळीस टक्केसुद्धा नाही. निम्म्याहून जास्त दुकान तुम्ही बंद ठेवलंय आणि उरलेल्या गल्ल्यावर माल वाढवत बसलाय.

तळं लहान का राहतं? वातीमुळे. सोया मेण म्हणजे हायड्रोजन घालून घट्ट केलेलं सोयाबीनचं तेल. वितळल्यावर ते पॅराफिनपेक्षा दाट राहतं आणि वातीतून सावकाश वर चढतं. त्यामुळे ज्या जारला पॅराफिनमध्ये एक वात पुरते, त्याच जारला सोयामध्ये सहसा एक-दोन नंबर जाड वात लागते. तुमचं जुनं रीळ पॅराफिनच्या हिशेबाचं आहे. वात बारीक, ज्योत लहान, उष्णता कडेपर्यंत पोचत नाही, आणि मेणबत्ती मधोमध विहीर खणत खाली जाते.

त्यात तुम्ही तेल वाढवलं. मेणात तेल सामावून घेण्याची एक मर्यादा असते. जारसाठीच्या बहुतेक सोया मेणांना ६ ते १० टक्के सोसतं, काहींना १२ पर्यंत, आणि हा आकडा मेण विकणारा सांगतो. तो विचारून घ्या, पाकिटावर नसला तरी. त्याच्या वर गेलात की जास्तीचं तेल मेणात मुरत नाही, सुटं राहतं. वर दिसणारे थेंब तेच. ते तेल वातीत चढतं, वात गुदमरते, ज्योत तडतडते आणि आणखी लहान होते. तळं आणखी आक्रसतं. म्हणजे वास वाढावा म्हणून जे केलं त्यानेच वास कमी झाला. वर धोका वेगळाच. मेणावर सुटं तेल तरंगत असेल तर ते पेट घेऊ शकतं. असे जार तुमच्याकडे शिल्लक असतील तर ते विकू नका, भेट म्हणून देऊही नका. त्यांचं काय करायचं ते शेवटी सांगते.

टक्का मोजायचा तो मेणाच्या वजनावर. २०० ग्रॅम मेणाला ८ टक्के म्हणजे १६ ग्रॅम तेल. ग्रॅम म्हटलंय, चमचे किंवा मिलिलिटर नाही. लिंबूवर्गातली तेलं पाण्यापेक्षा हलकी असतात, लवंगेचं तेल पाण्यापेक्षा किंचित जड. चमच्याने मोजलंत तर दोन्ही 'तीन चमचे' वजनाला सारखे भरत नाहीत, आणि मग एक घाणा जमतो, दुसरा फसतो, कारण कळत नाही. एक ग्रॅमपर्यंत नीट दाखवणारा डिजिटल वजनकाटा आणि स्वयंपाकघरात चालणारा थर्मामीटर, या दोन गोष्टी तुमच्याकडे नसतील तर पुढची तेलाची बाटली घेण्याआधी त्या घ्या.

आता मोगऱ्याबद्दल. अगरबत्तीचं सेंट हे काडी बुडवून वाळवण्यासाठी केलेलं असतं. ते पातळ करायला डीईपीसारखा, स्वतःला जवळजवळ वास नसलेला पदार्थ त्यात बराच घातलेला असतो. काडी धुमसते तेव्हा हे सगळं धुरातून निघून जातं. मेणबत्तीत ते वातीतून चढावं लागतं. म्हणजे तुमच्या २०० ग्रॅमच्या जारमधल्या २८ ग्रॅम मोगऱ्यात खरा मोगरा किती, हे त्या दुकानदारालाही सांगता येणार नाही. बाटली उघडल्यावर पलीकडच्या खोलीत जाणारा वास हा बाटलीचा गुण झाला. मेणात तो कसा वागेल याची ती हमी नव्हे. अत्तर घालायचा मोह कुणाला झाला तर त्यांच्यासाठीही हेच उत्तर. कनौजचं खरं मोगऱ्याचं अत्तर चंदनाच्या तेलावर उतरवतात. ते मनगटावर लावायचं, जाळायचं नाही. एवढं महाग तेल मेणात ओतून त्याचा वास फार पसरतही नाही.

तेल घेताना दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. हे मेणबत्तीसाठी केलेलं आहे का? आणि याचं इफ्राचं प्रमाणपत्र आहे का? इफ्रा म्हणजे सुगंध बनवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना. त्यांच्या नियमांप्रमाणे तेल बनवणारा जे प्रमाणपत्र देतो त्यात कोणत्या वस्तूत तेल किती चालतं याचे वर्ग पाडलेले असतात आणि मेणबत्त्या १२ व्या वर्गात येतात. बरेच दुकानदार पीडीएफ लगेच पाठवतात. जो "ते काही लागत नाही, बिनधास्त घाला" म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका. पण एक ध्यानात ठेवा, त्या प्रमाणपत्रावर मोठा आकडा दिसला म्हणजे तेवढं तेल तुमच्या मेणात सामावेल असं नाही. तो आकडा सुरक्षिततेचा आहे. मेणाची मर्यादा वेगळी, आणि दोन्हींत जी कमी ती पाळायची.

तर तुमचा मूळ प्रश्न, कडक वास कोणाचा? सर्वसाधारणपणे जड, गोडसर, मसालेदार वास सोयामध्ये चांगले उठतात. दालचिनी, लवंग, व्हॅनिला, कॉफी, पचौली या घराण्यातले. संत्रं-लिंबू नुसतं घातलं तर हुंगायला झकास, लावल्यावर पहिल्या तासात गायब. त्याला एखाद्या जड वासाची जोड द्यावी लागते. नैसर्गिक तेलांचा म्हणजे इसेन्शियल ऑइलचा आग्रह असेल तर अपेक्षा खाली आणा. त्यातल्या त्यात गवती चहा बरा उठतो. वाळा सुंदर, पण मंद. मोगरा हवाच असेल तर मेणबत्तीसाठी बनवलेलं मोगऱ्याचं फ्रॅग्रन्स ऑइल घ्या. ते कृत्रिमच असणार आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मोगऱ्याचा खरा अर्क कुणालाच १६ ग्रॅम घालणं परवडत नाही. फक्त मग लेबलवर 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहू नका. मेण सोयाचं आहे, वात सुती आहे, एवढं लिहिलं तरी पुरेसं आहे.

व्हॅनिलाच्या वासात व्हॅनिलिन असेल तर मेण पिवळट-तपकिरी होतं आणि वात लवकर जाम होते. पांढरेशुभ्र जार पाहिजेत म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हे आधी सांगून ठेवा.

ओतण्याची पद्धत तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून नेमकं सांगते. मेण थेट गॅसवर वितळवायचं नाही, गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून. ८० ते ८५ अंश सेल्सियसला आलं की पाण्यातून काढा, गॅस बंद करा, मग तेल घाला आणि दोन मिनिटं हळूहळू, तळापासून ढवळा. फेटायचं नाही, बुडबुडे येतात. बऱ्याच जणी तेल ५०-५५ अंशांवर घालतात, कारण कुठेतरी वाचलेलं असतं की फ्लॅश पॉइंटच्या वर गेलं की वास उडून जातो. तसं नाही. फ्लॅश पॉइंट म्हणजे त्या तापमानाला तेलाची वाफ ज्योत दाखवली तर पेटू शकते. वास नाहीसा होण्याचं ते तापमान नव्हे. त्याचा धडा एवढाच की तेल घालताना शेजारी उघडी आग नको. थंड होत आलेल्या मेणात तेल घातलं तर ते नीट मिसळत नाही, खाली बसतं, आणि मग वरचा अर्धा जार बिनवासाचा आणि खालचा तेलकट. ओतायचं साधारण ५५ ते ६५ अंशांवर, पण इथे प्रत्येक मेणाचा स्वभाव वेगळा, म्हणून पाकिटावरचं वाचा. गुलाबपाणी, खायचा रंग, ताज्या पाकळ्या, यातलं काहीही आत नको. पाणी मेणात मिसळत नाही आणि पाकळी दुसरी वात होते.

आणि मग मुरू द्या. पॅराफिनची मेणबत्ती दोन-तीन दिवसांत तयार होते, सोयाला एक ते दोन आठवडे लागतात. कालची ओतलेली मेणबत्ती आज लावून 'वास नाही' म्हणणं म्हणजे काल घातलेलं लोणचं आज चाखून नावं ठेवणं. मला शंका आहे की स्टॉलवरचे काही जार तुम्ही दोन-तीन दिवस आधीच केले असतील. दिवाळीच्या गडबडीत सगळ्यांचंच तसं होतं. झाकण लावून, उन्हापासून लांब, थंड जागी ठेवा. सोया मेण ५० अंशांच्या आसपास, काही प्रकार त्याच्याही आधी वितळतात. बंद गाडीत, मे महिन्याच्या दुपारी त्याची अवस्था काय होते ते कुरिअरने जार पाठवणाऱ्यांना विचारा.

आता वात निवडायची कशी. तुमच्याच मेणाच्या विक्रेत्याकडे जारच्या आतल्या रुंदीप्रमाणे वातीचा तक्ता असतो. तो नंबर घ्या, त्याच्या एक वरचा आणि एक खालचा घ्या. तीन सारखे जार, तेच मेण, तेच तेल ८ टक्के, फरक फक्त वातीचा. जारच्या बुडाला चिकटपट्टी लावून वातीचा नंबर आणि ओतल्याची तारीख लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तुम्ही तेल, दुकान आणि टक्का एकदम बदललंत, म्हणून कशाने काय झालं ते तुम्हालाच सांगता येत नाहीये.

लावताना वात ५-६ मिलिमीटर ठेवा. मग पट्टी घेऊन बसा. तळं साधारण दर तासाला अडीच सेंटिमीटर रुंद व्हावं, म्हणजे ८ सेंटिमीटरचा जार तीन-सव्वातीन तासांत कडेला पोचतो. खोली साधारण १ सेंटिमीटर. चार तासांनी विझवा, कितीही मोह झाला तरी. पहिल्या तासातच कडेला पोचली तर खूश होऊ नका, वात जाड आहे. ज्योत नाचते, टोकाला काजळीची कुत्र्याची छत्री येते, काच काळी पडते, जार हातात धरवत नाही. उलट पहिल्या वेळी कडेला पातळशी रिंग राहिली तरी घाबरू नका. मेण खाली जाईल तशी काचेची भिंत उष्णता धरून ठेवते, जार आतून जास्त तापतो आणि ती रिंग पुढच्या खेपेला वितळते. म्हणून प्रत्येक जार तळापर्यंत जाळून बघायला हवा, निदान एका प्रकारचा एक. नुसत्या पहिल्या ज्योतीवर निकाल देऊ नका. ९ सेंटिमीटरच्या पुढच्या पसरट जारला दोन वाती लागतात बहुधा. आणि तोंडाशी अरुंद, पोटात फुगीर असे सुंदर दिसणारे जार वासासाठी वाईटच. तळं मोठं, दार लहान.

मातीच्या पणत्या-मटक्यांत सोया ओतणाऱ्यांसाठी एक वाक्य: माती तेल पिते, खालच्या टेबलावर डाग पडतो आणि मटकं आतून तेलकट होऊन स्वतःच वातीसारखं वागायला लागू शकतं. ती हौस काचेतच भागवा.

वास तपासताना तुमच्या स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवू नका. दिवसभर त्या तेलात हात असतो तुमचा. नाक एका वासाला काही मिनिटांत सरावतं आणि तो सांगायचं बंद करतं. मेणबत्ती तासभर लावून ठेवा, बाहेर एक चक्कर मारून या, किंवा शाळेतून घरी आलेल्या मुलांना विचारा. त्यांना लॅव्हेंडर शब्द माहीत नसला तरी "कसला वास येतोय?" एवढं ती सांगतातच.

इथे गिऱ्हाइकांकडे वळू. त्यांनी ती मेणबत्ती कुठे लावली हे तुम्ही विचारलंत का? माझा अंदाज असा की हॉलमध्ये, पंखा पाचवर, बाल्कनीचं दार उघडं. छताचा पंखा ज्योतीला एका बाजूला झुकवतो. तळं वाकडं होतं, एका कडेला काजळी, दुसऱ्या कडेला मेण घट्ट. आणि जो थोडा वास निघतो तो बाल्कनीतून शेजाऱ्यांकडे. २०० ग्रॅमचा जार हा बेडरूमचा जार आहे. मोठ्या हॉलला तो कमीच पडणार, कितीही चांगला केला तरी. जारसोबत एक छोटं कार्ड द्या: पहिल्या वेळी तळं कडेपर्यंत येईस्तोवर लावा, पंखा बंद किंवा अगदी हळू, दर वेळी वात कापा, चार तासांच्या वर नको, तळाशी सेंटिमीटरभर मेण राहिलं की थांबा. फुंकर मारून विझवू नका, झाकण ठेवा. दिवा फुंकू नये हे आजीनेही सांगितलेलं असतं. इथे कारण साधं आहे, विझलेल्या वातीच्या धुराचा वास तुमच्या मोगऱ्याच्या वर चढतो. निम्म्या तक्रारी या कार्डानेच कमी होतील असं मला वाटतं.

याच्या मागे आणखी एक गोष्ट आहे आणि ती फक्त तुमची नाही. आपल्याकडे घरात वास म्हणजे अगरबत्ती, धूप, गुरुवारी उदाचा धूर. दारात पाऊल ठेवलं की कळतं. हा वास धुराचा असतो, धुराचे कण पडद्यात, गादीत, केसात जाऊन बसतात आणि दुसऱ्या दिवशीही येतात. सोयाची चांगली मेणबत्ती फारसा धूर करत नाही, तो तिचा गुण म्हणून आपण विकतो. मग तिने उदबत्तीसारखं घर भरावं ही अपेक्षा कशी चालेल? "कडक" हे माप आपण देवघरातून उचललंय. ज्यांना तसाच वास हवा आहे त्यांना मेणबत्ती विकण्यापेक्षा त्याच मेणाच्या छोट्या वड्या विका. विजेच्या कापूरदाणीत एक वडी टाकली की वात नाही, ज्योत नाही, सगळं मेण एकदम वितळतं आणि वास मेणबत्तीपेक्षा लवकर आणि जास्त उठतो. तुमच्यासाठीही ते सोपं, वातीचा प्रश्नच मिटतो. खर्चही कमी, काच लागत नाही.

मिस्टरांच्या सूचनेचे दोन भाग आहेत. पहिला भाग अगदीच चुकीचा नाही. पॅराफिन मिसळलेलं सोया बाजारात रीतसर मिळतं, वास उठवायला ते मदत करतं, आणि पॅराफिन म्हणजे विष असं जे पसरवलं जातं त्यात विक्रीचाच भाग मोठा. काजळी मेणाच्या जातीपेक्षा चुकीच्या वातीने आणि वाऱ्याने जास्त होते. तुम्हाला हवं तर 'सोया आणि पॅराफिनचं मिश्रण' असा दुसरा, थोडा स्वस्त प्रकार काढा आणि लेबलवर तसं छापा. दुसरा भाग, लेबल सोयाचंच ठेवायचं, हा मात्र साफ नको. सोया म्हणून ते लोक जास्त पैसे मोजतात. 'कोण बघतंय' या प्रश्नाचं उत्तर, तुम्ही स्वतः आणि उद्या कामाला ठेवाल ती मुलगी. शिवाय गंमत म्हणजे, बारीक वात ठेवून पॅराफिन घातलंत तर फार फार तर त्रास थोडा कमी होईल. आधी वात दुरुस्त करा, मग मिश्रणाची गरज उरते का ते बघा. मला नाही वाटत उरेल.

सासूबाईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, मी थोडं जास्त लिहिते. दमा असलेल्या माणसाला तीव्र वास त्रास देऊ शकतो, तेल नैसर्गिक असो की कृत्रिम. लवंगेच्या तेलाने दम लागू शकतो, गवती चहाच्याही. तुमच्याकडे तेल मिसळणं, ओतणं, चाचणी हे सगळं ज्या घरात चालतं त्याच घरात त्या राहतात. मेणबत्ती विझवली तरी उघडी तेलं आणि मुरत ठेवलेले जार असतातच. ओतण्याचं काम खिडकीशी, एक्झॉस्ट चालू ठेवून, दार लावून करा. जार झाकण लावून बंद खोक्यात ठेवा. चाचणी त्या देवळात किंवा बागेत गेल्या असताना, आणि नंतर खोली मोकळी हवा खेळू देऊन. जमत असेल तर मैत्रिणीच्या घरी. तिथे नाकही ताजं मिळेल. तेवढ्याने खोकला थांबला नाही तर डॉक्टरांना हा व्यवसाय घरात चालतो हे स्पष्ट सांगा. आणि हो, ज्या ऑफिसने ६० जार मागितलेत तिथल्याही काही घरांत दम्याची माणसं, तान्ही बाळं असणार. तेव्हा सगळ्यात कडक जार हा भेटीसाठी सगळ्यात चांगला जार असेलच असं नाही. त्या ६० साठी ७-८ टक्क्यांवर, सौम्य, सगळ्यांना चालेल असा एकच वास ठेवा.

सहा आठवडे कसे वापरायचे? या आठवड्यात वाती आणि तेल आणा, तीन जार ओता. चार-पाच दिवसांनी त्यातला एकेक लावून फक्त तळं मोजा. वासाचा निकाल अजून नाही, पण कोणती वात बाद हे कळेल. लगेच बरोबर ठरलेल्या वातीने आणखी दोन-तीन जार ओतून ठेवा आणि दोन आठवडे मुरल्यावर लावून वास बघा, एक तळापर्यंत. चौथ्या आठवड्यात साठ ओतून मोकळ्या व्हा, म्हणजे देईपर्यंत तेही मुरतील. घाई होणार आहे, खोटं सांगत नाही. म्हणून ऑफिसला आजच कळवा की वास एकच असेल आणि जार एकाच मापाचा. तीन वास आणि दोन मापं म्हटलंत तर प्रत्येक जोडीला वात वेगळी निघू शकते आणि तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. त्यांनी आग्रह धरला तर ऑर्डर थोडी कमी करून घ्या.

राहिले ते १४ टक्क्यांचे जार. लॅव्हेंडरचे असतील तर वाचतील. गरम पाण्यात जार ठेवून मेण मोकळं करा, वात काढून टाका. २०० ग्रॅम मेण आणि २८ ग्रॅम तेलाच्या एका जारमागे बिनवासाचं नवं १५० ग्रॅम मेण घालून परत वितळवा, म्हणजे ३५० ग्रॅम मेणाला २८ ग्रॅम तेल, बरोबर ८ टक्के. अर्धवट जळालेल्यांत हा हिशेब धरू नका, तेल किती उरलं ते सांगता येत नाही. पुन्हा तापवल्यावर थोडा वास जाईल, म्हणून ते विक्रीला न ठेवता वातीच्या चाचणीला वापरा. मोगऱ्याचे जार मात्र परत वितळवू नका, त्या सेंटमध्ये काय आहे हे आपल्याला ठाऊक नाही. मेण खरवडून कचऱ्यात टाका, बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. जार धुऊन घ्या, ते चांगले असतील.